एकत्र आणि एक

अनेक वस्तू एका ठिकाणी आल्या म्हणजे त्यांची एक वस्तू होते काय, आणि होत असेल तर नेमकी कशामुळे होते, हा भारतीय दर्शनांतील जुना आणि अवघड वाद आहे. न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी तो तंतू आणि पट, म्हणजे धागे आणि कापड, यांच्या आधाराने चालवला. बौद्धांनी रथ आणि त्याची चाके, आस, जू यांच्या आधाराने. आणि सेना, वन, धान्याची रास अशी उदाहरणे एकमेकांपुढे ठेवत दोन्ही पक्षांनी शतकानुशतके या प्रश्नाचा कीस काढला. न्यायशास्त्रात दृष्टान्त म्हणजे सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांनाही सारखेच मान्य असलेले उदाहरण. परंतु मान्य उदाहरण निष्पक्ष असतेच असे नाही. धागे एकमेकांत विणले गेलेले असतात, म्हणून पट ही खरोखरची एक वस्तू आहे असे म्हणणाऱ्याला तो सोयीचा पडतो. रथाचे भाग सुटे करून अंगणात मांडता येतात, म्हणून रथ हे केवळ नाव आहे असे म्हणणाऱ्याला तो सोयीचा पडतो. या दोन्ही सोयी टाळणारा एक दृष्टान्त आजच्या काळाने आयताच पुरवला आहे, तो म्हणजे डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमधील एकाच कप्प्यात दाटीने बसवलेल्या अनेक लहान हार्ड डिस्क. त्याचे वैशिष्ट्य असे की डिस्क त्याच, कप्पा तोच, स्क्रू आणि वायरीही त्याच ठेवून त्या डिस्कची कधी नुसती रास करता येते, कधी आरसा, कधी पट, आणि कधी असे काही की ज्याला जुन्या वर्गीकरणात तयार जागा नाही. या शेवटच्या प्रकारामुळेच हा दृष्टान्त तपासण्याजोगा ठरतो.

कुंडातील बोरे

संगणक जोडणारे लोक ज्याला 'बे' म्हणतात तो हा कप्पा मुळात लहान डिस्कसाठी घडवलेला नाही. १९७६ साली शुगार्ट असोसिएट्स या अमेरिकी कंपनीने ५.२५ इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह बाजारात आणला, त्याच्या आकारावरून कप्प्याचे माप ठरले, आणि पुढे उंची निम्मी होऊन आजचा कप्पा सुमारे १४६ मिलिमीटर रुंद आणि ४१ मिलिमीटर उंच असा स्थिरावला. म्हणजे नावातील ५.२५ इंच हे माप कप्प्याचे नसून कधीकाळी त्यात शिरणाऱ्या फ्लॉपीचे आहे. फ्लॉपी गेली, तिच्या जागी सीडीचा आणि नंतर डीव्हीडीचा ड्राइव्ह आला, तोही मागे पडला, आणि कप्पा बहुधा रिकामाच राहू लागला. याच काळात लॅपटॉपसाठी लहान होत गेलेली २.५ इंची डिस्क सुमारे ७० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब असते. अशा दोन डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या की १४० मिलिमीटर भरतात आणि कप्प्यात जेमतेम ६ मिलिमीटर उरतात. उंचीचा हिशेब डिस्कच्या जाडीवर अवलंबून असतो: १५ मिलिमीटर जाडीच्या चार, ९.५ मिलिमीटर जाडीच्या सहा किंवा ७ मिलिमीटर जाडीच्या आठ डिस्क, त्यांचे सरकते ट्रे, मागची जोडणीची पट्टी आणि एखाद-दोन छोटे पंखे धरून, एकाच कप्प्यात मावतील अशा चौकटी तयार मिळतात.

दर्शनांच्या परिभाषेत हा कप्पा म्हणजे उपाधीने मर्यादित झालेले आकाश होय. उपाधी म्हणजे वस्तूच्या मूळ स्वरूपाला हात न लावता तिला वेगळेपणाचा भास देणारी मर्यादा. घटाच्या भिंतींमुळे घटाकाश आणि मठाच्या भिंतींमुळे मठाकाश असा भेद आपण बोलतो, पण आकाश त्यामुळे तुटत नाही. तसेच फ्लॉपीचे, डीव्हीडीचे आणि आठ डिस्कचे अशी तीन आकाशे येथे नाहीत. पत्र्याची चौकट तेवढी एक आहे आणि तिला आपल्या आत कोण राहतो याचे सोयरसुतक नाही. अशा आधाराकडून आत राहणाऱ्यांना काही एकत्व मिळेल अशी अपेक्षा करणे फोल होय. कप्पा आणि डिस्क यांच्यातील संबंध संयोगाचा आहे. संयोग म्हणजे आधी वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांचे पुन्हा सुटू शकेल असे जुळणे, आणि कुंडात ठेवलेली बोरे हे त्याचे शास्त्रात रुळलेले उदाहरण आहे. याउलट समवाय म्हणजे एकमेकींपासून वेगळ्या राहूच न शकणाऱ्या दोन गोष्टींमधील नित्य संबंध, जसा नैयायिकांच्या मते तंतू आणि पट यांच्यात असतो. कुंड काठोकाठ भरले तरी बोरांचे मिळून एक मोठे बोर होत नाही, आणि कप्प्यात चारांऐवजी आठ डिस्क कोंबल्या तरी त्यांचे नाते कुंड-बोरांचेच राहते.

अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळी असून अवयवांत समवायाने राहणारी एक वस्तू, सिद्ध करताना न्यायसूत्रांनी धारण आणि आकर्षण यांचा आधार घेतला आहे: वस्तूचा एक भाग धरला किंवा ओढला की सबंध वस्तू त्याबरोबर येते, आणि सुट्या परमाणूंच्या राशीत असे घडणार नाही. ही कसोटी तोकडी पडते याची जाणीव मात्र वात्स्यायनाच्या भाष्यातही आहे, कारण लाखेने चिकटवलेले गवत, दगड आणि लाकूड एकत्र ओढले जात असले तरी त्यांतून एक नवी वस्तू जन्मली असे कोणी मानत नाही. डिस्कच्या चौकटीत या वादाच्या दोन्ही बाजू एकदमच दिसतात. चौकट कप्प्यातून बाहेर ओढली तर आठही डिस्क तिच्याबरोबर येतात, आणि एखादा ट्रे ओढला तर एकच डिस्क हाती लागते. पहिल्या ओढीने एकत्व सिद्ध झाले म्हणावे तर दुसरीने ते खोडले जाते, आणि नीट पाहिले तर दोहोंतून कळते ते एवढेच की येथे लाखेचे काम स्क्रू करत आहेत.

तरीही नुसत्या सहवासाचा काहीच परिणाम होत नाही असे समजणे चूक ठरेल. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कची थरथर ट्रेमधून शेजारच्या डिस्कपर्यंत पोचते. मधल्या चार-दोन मिलिमीटरच्या फटींतून वारा नीट खेळत नाही, त्यामुळे एकीची उष्णता दुसरीला तापवते. आणि सगळ्यांना वीज एकाच जोडणीतून मिळत असेल तर त्या जोडणीत बिघाड झाल्यावर सुक्याबरोबर ओलेही जळते. म्हणजे संयोगातून एकत्व मिळत नसले तरी आपत्ती मात्र सामायिक होते, आणि एकाच कप्प्यात राहणे व एक असणे यांतील हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा विचार करता येत नाही.

प्रत्येकात की सर्वांत

आतापर्यंतचे विवेचन डिस्क या धातूच्या वस्तूंविषयी झाले. परंतु डिस्क ज्यासाठी असतात ती गोष्ट म्हणजे त्यांवर लिहिलेला डेटा, आणि एकत्वाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथे उभा राहतो. चार डिस्क असलेल्या चौकटीत ठेवलेली एखादी फाइल नेमकी कोठे असते, असे विचारले तर उत्तर डिस्कच्या मांडणीप्रमाणे बदलते. सर्वांत साध्या मांडणीत प्रत्येक डिस्क स्वतंत्र असते आणि फाइल त्यांपैकी एकीवर असते. ही सेना किंवा वन यांच्यासारखी स्थिती आहे, जेथे दुरून एक दिसते पण जवळ गेल्यावर सुटे सैनिक आणि सुटी झाडेच सापडतात. या मांडणीत तात्त्विक अडचण काहीच नाही, कारण तेथे एकत्वाचा दावाच नाही.

दावा सुरू झाला तो १९८८ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले की मोठ्या संगणकांना लागणाऱ्या एका अवाढव्य आणि महागड्या डिस्कऐवजी घरगुती संगणकांतल्या लहान, स्वस्त डिस्कचा समूह वापरावा आणि संगणकाला तो एकच डिस्क म्हणून दिसावा. अशा समूहाला त्यांनी 'रेड' (RAID) हे संक्षिप्त नाव दिले. त्यांच्यापुढील अडचण त्यांनी आकड्यांत सांगितली आहे: एक डिस्क बिघडण्यापूर्वी सरासरी ३०,००० तास चालत असेल, तर तशा १०० डिस्कच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच येईल. समूह जितका मोठा तितका त्यातील कोणीतरी जाण्याचा क्षण जवळ, ही साधी गोष्ट त्यांच्या सगळ्या योजनेच्या मुळाशी आहे. आणि म्हणून अनेकांचे एक करायचे तर त्यांतील एक गेल्यावर काय होईल, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

त्यावरचा पहिला उपाय आरशाचा. प्रत्येक फाइलची संपूर्ण प्रत प्रत्येक डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे १ टेराबाइटच्या चार डिस्क असूनही जागा १ टेराबाइटच मिळते, पण शेवटची डिस्क शिल्लक असेपर्यंत फाइल शाबूत राहते. न्यायाच्या भाषेत बोलायचे तर येथे डेटा प्रत्येक आश्रयात पूर्णपणे राहतो, जसे घटत्व प्रत्येक घटात पूर्णपणे असते आणि एक घट फुटल्याने दुसऱ्यातील घटत्वाला उणेपणा येत नाही. या रचनेची मर्यादा आरसा या शब्दातच आहे, कारण बिंबात झालेला बदल प्रतिबिंबातही होतो: मालकाने चुकून फाइल पुसली तर ती सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. आरसा डिस्कच्या मरणापासून वाचवतो, मालकाच्या चुकीपासून नव्हे. म्हणूनच जाणकार लोक आरशाला बॅकअप मानत नाहीत आणि वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायला सांगतात.

दुसरी रचना याच्या अगदी उलट आहे. फाइलचे छोटे छोटे तुकडे करून पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर असे ते क्रमाने वाटले जातात, त्यामुळे चारही डिस्क एकाच वेळी लिहितात-वाचतात, वेग वाढतो आणि पूर्ण ४ टेराबाइट जागा वापरता येते. पण एक डिस्क गेली की उरलेल्या तीन डिस्कवरचे तुकडे धड असूनही मोठ्या फाइलींना अर्थ उरत नाही. ही स्थिती समजावणारी संज्ञा नैयायिकांनी फार पूर्वी घडवली आहे, ती म्हणजे व्यासज्यवृत्ती. जो धर्म एकाच आश्रयात पुरा होत नाही, तर अनेक आश्रयांवर मिळून राहतो, तो व्यासज्यवृत्ती धर्म. दोन घटांतील द्वित्व हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय: दोन घटांकडे बोट दाखवून 'हे दोन' असे म्हणता येते, पण त्यांपैकी एकाकडे बोट दाखवून 'हा दोन' असे म्हणता येत नाही. द्वित्व समवायाने प्रत्येक घटात आहे असे मानले तर एका घटालाही दोन म्हणण्याची आपत्ती येते, म्हणून नव्यन्यायाने पर्याप्ती नावाचा निराळा संबंध मानला. पर्याप्ती म्हणजे पुरे पडणे. द्वित्व पर्याप्तीने दोघांत मिळूनच राहते, एकेकट्यात नाही. तुकड्यांत वाटलेली फाइल चार डिस्कवर नेमकी अशीच राहते.

येथे वैशेषिकांचा आणखी एक विचार उपयोगी पडतो. त्यांच्या मते एकापुढील संख्या वस्तूंत आपोआप नसतात. 'हा एक आणि हा एक' असे वेगवेगळ्या वस्तूंना एकत्र घेणारे ज्ञान, ज्याला अपेक्षाबुद्धी म्हणतात, झाल्यावर त्या उत्पन्न होतात आणि ते ज्ञान सरले की नष्ट होतात. डिस्कच्या समूहात ही अपेक्षाबुद्धी नियंत्रक किंवा संगणकाची प्रणाली पुरवते: कोणत्या डिस्क एका समूहातल्या, त्यांचा क्रम कोणता, तुकड्याचा आकार किती, हे तिला ठाऊक असते, आणि ते ज्ञान हरवले तर सर्व डिस्क सुस्थितीत असूनही फाइल हाती लागत नाही. डिस्क नष्ट झाल्याने आणि डिस्कना एकत्र घेणारे ज्ञान नष्ट झाल्याने होणारा परिणाम सारखाच असावा, ही गोष्ट अवयवीला केवळ द्रव्याच्या पातळीवर शोधणाऱ्यांना विचारात पाडणारी आहे.

तिसरा पर्याय

आरसा आणि वाटणी या दोन रचनांनी 'प्रत्येकात' आणि 'सर्वांत मिळून' हे दोन पर्याय भरून टाकले, आणि धर्म आपल्या आश्रयांत कसा राहतो याच्या जुन्या चर्चेत सहसा हे दोनच पर्याय समोर असतात. समूहाची जी रचना व्यवहारात दीर्घकाळ वापरली गेली ती मात्र या दोहोंत बसत नाही. तिच्यात फाइलचे तुकडे वाटले जातातच, पण त्याबरोबर प्रत्येक ओळीसाठी एक जादा अंक लिहिला जातो, ज्याला समतेचा अंक म्हणता येईल. नियम असा की सर्व डिस्कवरच्या एकाच जागेचे अंक एकत्र पाहिले तर त्यांतील १ या अंकांची संख्या सम असावी. तीन डिस्कवर १, ० आणि १ लिहिले असेल तर १ हा अंक दोनदा, म्हणजे सम वेळा, आला आहे, म्हणून चौथ्या डिस्कवर ० लिहिला जातो. आता दुसरी डिस्क नाहीशी झाली असे समजले, तर उरलेल्या अंकांत, म्हणजे १, १ आणि ० यांत, १ ची संख्या आधीच सम आहे, म्हणून हरवलेला अंक ० च असला पाहिजे. चार डिस्कपैकी कोणतीही एक गेली तरी हाच हिशेब लागू पडतो, आणि त्याची किंमत एका डिस्कएवढी जागा असते: १ टेराबाइटच्या चार डिस्कमधून ३ टेराबाइट वापरता येतात. समतेचे अंक एकाच डिस्कवर ठेवले तर त्या डिस्कला राखणदाराचे वेगळे स्थान मिळेल आणि प्रत्येक लिखाणाचा भार तिच्यावर पडेल, म्हणून पाचव्या क्रमांकाच्या रेडमध्ये ते आळीपाळीने सर्व डिस्कवर फिरवले जातात. मीमांसकांच्या शब्दांत सांगायचे तर येथे कोणी अंगी, म्हणजे प्रधान, आणि कोणी अंग, म्हणजे गौण, असा भेद उरत नाही.

आता फाइल कोठे आहे, हा प्रश्न पुन्हा विचारला तर 'प्रत्येक डिस्कवर' हे उत्तर चुकीचे ठरते, कारण एका डिस्कवरून फाइल वाचता येत नाही. आणि 'सर्व डिस्कवर मिळून' हेही उत्तर टिकत नाही, कारण एक नसतानाही फाइल पूर्ण मिळते. उत्तर असे द्यावे लागते की फाइल चारांपैकी कोणत्याही तिघींवर आहे. यावर नैयायिक असे म्हणू शकेल की यात नवे काही नाही. चार डिस्कमधून तिघींचे चार गट पडतात आणि फाइल त्या प्रत्येक गटात पर्याप्तीने राहते, म्हणजे हा व्यासज्यवृत्तीचाच चारदा केलेला उपयोग झाला. परंतु असे म्हटल्यावर त्या चार गटांत समान असे काय आहे, हे त्याला सांगावे लागेल, कारण एकच धर्म अनेक ठिकाणी राहतो तेव्हा त्या ठिकाणांना बांधणारे अवच्छेदक, म्हणजे आश्रयतेची सीमा नेमकी आखणारे लक्षण, दाखवण्याचा दंडक त्याच्याच शास्त्राने घातलेला आहे. आणि ते शोधू गेले तर कोणत्याही विशिष्ट डिस्कचे डिस्कपण तेथे कामी येत नाही. 'या समूहातील तीन असणे' एवढी संख्याच अवच्छेदक म्हणून उरते. पटाचा आश्रय अमुक अमुक तंतू असतात, रथाचा आश्रय अमुक चाके आणि अमुक आस. येथे आश्रय कोण हे ठरत नाही, किती हे तेवढे ठरते. द्वित्वाच्या उदाहरणात संख्या हा आश्रित धर्म होता. येथे संख्या आश्रयाची सीमा झाली आहे, आणि या दृष्टान्ताने जुन्या वर्गीकरणात घातलेली भर ती हीच.

हरवलेला अंक परत मिळतो तो कोणत्या प्रमाणाने, हेही पाहण्यासारखे आहे. नैयायिक याला परिशेषानुमान म्हणेल, म्हणजे शक्य असलेल्या पर्यायांतील न जुळणारे वगळून उरलेल्याचा निश्चय करणारे अनुमान. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणेल, म्हणजे एरवी न जुळणाऱ्या दोन गोष्टी जुळाव्यात म्हणून तिसरी मानणे, जसे दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ दिसतो तेव्हा तो रात्री जेवतो असे मानणे. नाव काहीही दिले तरी दोन बाबतींत हे ज्ञान नेहमीच्या अनुमानाहून वेगळे आहे. धूर आणि अग्नी यांच्यातील व्याप्ती, म्हणजे अव्यभिचारी साहचर्य, निसर्गात पाहून शिकावी लागते आणि तिला कोठेतरी अपवाद असेल ही शंका चार्वाकाला काढता येते. येथील व्याप्ती लिहिण्याच्या वेळीच हेतुपूर्वक घडवलेली असते, म्हणून डिस्कवरचे अंक बरोबर वाचले गेले तर तिला अपवाद संभवत नाही. दुसरे असे की धुरावरून अनुमान केलेला अग्नी डोंगरावर आधीपासून असतो आणि अनुमान त्याला निर्माण करत नाही; हरवलेला अंक मात्र दुसरीकडे कोठेच नसतो, आणि तो कळला की नव्या डिस्कवर लिहिला जातो व पूर्वीइतकाच खरा होतो. अग्नीच्या ज्ञानाने हात शेकत नाहीत, परंतु अंकाच्या ज्ञानाने अंक परत मिळतो, कारण डेटा ही अशी वस्तू आहे की तिचे असणे आणि तिचे कळू शकणे यांत अंतर राहत नाही.

खंडपट आणि ओळख

एक तंतू निघालेल्या पटाविषयी न्याय-वैशेषिकांचे मत कठोर आहे. तंतूंचा संयोग हे पटाचे असमवायी कारण. तो बिघडला की जुना पट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंपासून खंडपट नावाचा दुसराच पट उत्पन्न होतो, आणि 'हा तोच पट' अशी जी प्रत्यभिज्ञा, म्हणजे ओळख, आपल्याला होते ती साम्यामुळे होते, जशी क्षणोक्षणी बदलणाऱ्या दिव्याच्या ज्योतीविषयी होते. एक डिस्क गेलेला समूह खंडपटासारखाच आहे: तो चालतो, पण हळू चालतो, प्रत्येक हरवलेला अंक हिशेबाने काढून देतो, आणि आणखी एक डिस्क गेली तर सर्वच नाहीसे होईल अशा अवस्थेत राहतो. त्यात नवी कोरी डिस्क बसवली की उरलेल्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तिच्यावर हरवलेले सारे पुन्हा लिहिले जाते. मोठ्या डिस्कच्या बाबतीत या कामाला कित्येक तास, कधी दिवसही लागतात, आणि उरलेल्या डिस्क एकाच वेळी विकत घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या आणि त्याच तापलेल्या कप्प्यात बसलेल्या असतील तर याच काळात दुसरी जाण्याचा धोका सर्वांत अधिक असतो. मोठ्या समूहांत म्हणूनच दोन डिस्क गेल्या तरी निभावेल अशी सहाव्या क्रमांकाची रचना वापरतात, जिच्यात दोन डिस्कएवढी जागा द्यावी लागते. पहिल्या भागात सांगितलेली सामायिक आपत्ती येथे परत येते: ज्या सहवासाने एकत्व दिले नाही तो सहवास मिळालेले एकत्व मोडू मात्र शकतो.

काही वर्षांत अशा रीतीने एकेक करून चारही डिस्क बदलल्या गेल्या तर समूह तोच राहिला काय? नैयायिकाच्या मते चार वेळा जुना समूह नष्ट होऊन नवा झाला. बौद्धाच्या मते प्रश्नच चुकीचा मांडला आहे, कारण एक असे काही पहिल्यापासून नव्हते. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर, ज्याला पाली परंपरा मिलिंद म्हणते, त्याला भिक्षू नागसेनाने रथाच्या दाखल्याने हेच समजावले, की रथ म्हणजे चाक नव्हे, आस नव्हे, जू नव्हे आणि त्यांच्याहून वेगळेही काही नव्हे. भागांना धरून केलेले ते एक संबोधन, म्हणजे प्रज्ञप्ती, आहे. या दृष्टीने समूह म्हणजे एक संतान, एकापासून दुसरे असा अखंड चाललेला प्रवाह. बदलत्या डिस्कच्या इतिहासाचे वर्णन बौद्ध मताने अधिक सुबक होते हे मान्य करावे लागेल, परंतु डिस्कच्या समूहात नाव हे केवळ बोलणाऱ्याच्या तोंडी नसते. लिनक्स प्रणालीतील समूहात प्रत्येक डिस्कवर एका राखीव जागेत समूहाची ओळख, त्या डिस्कचे समूहातील स्थान आणि समूहाची रचना लिहून ठेवलेली असते. म्हणजे वैशेषिकांनी पाहणाऱ्याच्या ठायी मानलेली अपेक्षाबुद्धी येथे पाहिल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर कोरली गेली आहे. त्यामुळे सर्व डिस्क कप्प्यातून काढून, त्यांचा क्रम उलटसुलट करून, दुसऱ्या संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात बसवल्या तरी समूह जसाच्या तसा उभा राहतो. उलट त्याच कप्प्यात, त्याच ट्रेमध्ये, त्याच मापाची परकी डिस्क सरकवली तर ती शेजारी होते, सदस्य होत नाही. सदस्य होण्यासाठी तिच्यावर ती ओळख आणि हरवलेल्या डिस्कचा वाटा लिहिला जावा लागतो.

नागसेनाच्या रथाच्या चाकावर रथाचे नाव लिहिलेले नव्हते आणि चाक मोडल्यास उरलेल्या भागांतून ते परत घडवता येत नव्हते, म्हणून रथाबाबत त्याचे म्हणणे खोडणे कठीण होते. तंतूंमध्येही हरवलेल्या तंतूची आठवण नसते, म्हणून पट टिकवायचा तर नैयायिकाला अवयवांच्या पलीकडे एक अवयवी मानावा लागला. समतेचा अंक बाळगणाऱ्या समूहात प्रत्येक अवयव दोन गोष्टी वाहतो, एक स्वतःचा वाटा आणि दुसरी इतरांच्या वाट्यावर पडलेले बंधन, आणि त्या बंधनामुळे अवयवांच्या पलीकडे वेगळे द्रव्य न मानताही 'येथे एक आहे' हे म्हणणे नुसते नाममात्र राहत नाही. रेड या संक्षेपातील 'आय' हे अक्षर मूळ निबंधात स्वस्त या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते आणि पुढे उद्योगाने ते स्वतंत्र या अर्थाच्या शब्दाचे मानले. डिस्क स्वतंत्र खऱ्याच, एक बिघडल्याने दुसरी आपोआप बिघडत नाही, पण त्यांवरचा डेटा एकमेकांच्या हवाली केलेला असतो. कप्प्याकडे पाहणाऱ्याला चौकटीतल्या आठ डिस्क नुसती रास आहेत, आरसा आहेत, पट आहेत की या तिसऱ्या प्रकारातल्या आहेत, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो, कारण चारही वेळा स्क्रू तेच आणि पंख्याचा आवाजही तोच असतो. त्यांतील एक ट्रे रिकामा झाल्यावर फाइल उघडते की नाही, आणि उघडली तर किती ट्रे रिकामे होईपर्यंत उघडत राहते, यावरून ते कळते.